सुपातला पाऊस

बेबाअक्का आमच्याकडे धान्य पाखडायला यायची ती स्वतःचं सूप काखेत मारून. आईचं सूप तिला चालायचं नाही. "वैनी, सूप नि चप्पल ज्यानी त्यानी," असं म्हणून ती ओट्यावर बैठक मारायची आणि मग चार-पाच दिवस घरात बोलणं फक्त तिचंच चालायचं, तेही अहिराणीत. वर्षाचा गहू, वर्षाची दादर ज्वारी, तूर, सगळं तिच्या सुपातून जायचं. गंमत अशी की ती सुपाकडे बघायचीच नाही. डोळे रस्त्यावर, तोंड आईशी, आणि मध्येच एकदम हात थांबायचा. "खडा शे," म्हणायची. आई बोटांनी चाचपायची आणि खडा निघायचा.

"दिसला कसा हो तुम्हांला?" आईनं एकदा विचारलं.

"दिसना नही, वैनी. वाजना."

सूप रिकामं झालं की त्याच्या काठावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायची. टक, टक. मग पुढचं शेर-दीड शेर धान्य घ्यायची. दिवसभरात शंभरदा तरी ते टक-टक आमच्या कानावर पडायचं. पुढे या टक-टकनं मला फार छळलं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

भाद्रपदात आमच्या देवपुरातल्या गल्लीत मुली गुलाबाई मांडायच्या. गाणी झाली की खाऊचा झाकलेला डबा हलवायचा आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं. माझ्या धाकट्या बहिणीनं एका वर्षी शर्थ केली. खोबऱ्याच्या वड्या फडक्यात गुंडाळून डब्यात घातल्या. मुली हरल्या. रस्त्यानं बेबाअक्का चालली होती, ती नुसती थांबली आणि म्हणाली, "फडकामा गुंडायेल खोबराना वड्या शेत वं, पोरी." बहीण भोकाड पसरून रडली. तेव्हापासून गल्लीचा नियमच झाला, बेबाअक्का दिसली की डबा खाली ठेवायचा.

हल्ली फोनवर बोट ठेवलं की पाऊस पडतो, घोडा दौडतो, दार करकरतं. मला त्याचा राग येतो. म्हातारा व्हायला लागलोय म्हणून येतो हे मला कळतं, तरी येतो. कारण १९८९च्या उन्हाळ्यात आम्ही धुळ्यात एक पाऊस पाडला होता आणि त्याला पुरता महिना लागला होता.

बी.ए.ची शेवटची परीक्षा झाली होती. माझा मित्र वना यानं कुठल्याशा पेपरात वाचलं की जळगावला जूनमध्ये विद्यार्थ्यांच्या लघुपटांची स्पर्धा आहे, बारा मिनिटांची मर्यादा. वनानं त्या दिवसापासून दाढी करणं बंद केलं. त्याचा सिनेमा म्हणजे खेड्यातल्या एका बाईचा एक दिवस. पहाटे जातं, मग विहीर, गाय, चूल, शेत, आणि संध्याकाळी अवचित पाऊस. संवाद एकही नाही. "संवाद असले की ते नाटक होतं," वना म्हणाला. खरं कारण असं की संवाद लिहायला कोणाला येत नव्हते. त्याच्या वहिनी, लताबाई, बाई झाल्या. त्यांच्याच गावात तीन दिवस शूटिंग झालं. कॅमेरा होता निंबाचा.

निंबा लग्नाची व्हिडिओ शूटिंग करायचा. माणूस लाखाचा, पण कॅमेरा खांद्यावर आला की तोंड बंद ठेवणं त्याला जमायचं नाही. तीन दिवसांनी आम्ही त्याच्या दुकानात कॅसेट लावून बघितली. चित्र झकास. आणि आवाज? पहाटेच्या गंभीर प्रकाशात लताबाई जात्यावर बसल्यात आणि निंबा म्हणतोय, "ताई, इकडं बघा. पदर नीट करा. हां. आता दळा, हसत हसत." विहिरीवर, चुलीपुढे, सगळीकडे निंबा. शेवटच्या प्रसंगात लताबाई दारात उभ्या राहून पाऊस बघतात, तिथंही एका क्षणी "ताई, इकडं बघा!" आणि लताबाईंनी बिचाऱ्यांनी झटकन मान वळवलेली.

"बोललो नाही तर माझा हात थरथरतो," निंबा म्हणाला. त्याला काय मारता!

पण त्याच्या यंत्रावर एक सोय होती. एक बटण दाबलं की चित्र तसंच राहायचं आणि जुना आवाज पुसून नवा चढायचा. वना माझ्याकडे वळला. गॅदरिंगला मी दोनदा लाउडस्पीकर सांभाळला होता. वासरात लंगडी गाय शहाणी, तसा मी ध्वनितज्ज्ञ ठरलो.

मी फुलस्केप कागदावर यादी केली. जातं. रहाट. गाईचं रवंथ. चुलीचा जाळ. वाळल्या शेतातली पावलं. कबुतरं उडतात ती. शेवटी पत्र्यावरचा पाऊस, दोन मिनिटं. पावसाचंच मला टेन्शन होतं, कारण चित्रात पाऊस नव्हताच. एप्रिलात धुळ्याला पाऊस कुठून आणणार? बाई दारात उभी राहून वर बघते एवढंच चित्र, पाऊस सगळा आवाजातच पाडायचा होता. संगीताच्या रकान्यात वनानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, सतार.

मामाचा टू-इन-वन आणला आणि घरात प्रयोग सुरू केले. नळाखाली पाऊस केला, तो मोरीसारखा आला. कागद चुरगाळून जाळ केला, तर पोत्यात उंदीर शिरल्यासारखा वाजला. तीन दिवस हे ऐकून आई वैतागली. म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं! पंडित, त्या बेबाबाईला विचार जा. तिच्याइतके कान गावात कोणाला आहेत?"

बेबाअक्का पांझरा नदीच्या अंगाला एका पत्र्याच्या खोलीत राहायची. नवरा मार्केटात हमाल होता, तो वारून सहा वर्षं झाली होती. मुलगा सुरतेला मिलमध्ये. ती भुसार दुकानात निवडण-पाखडण करायची आणि उन्हाळ्यात घरोघरी जायची. मी लहानपणापासून तिला बघत होतो, पण हिला एखादं माहेर असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी तिला सगळं समजावलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"मंजे चित्र तुमनं नि आवाज मना?"

"हो, अक्का."

"नि लोकेसले काय सांगशात?"

"काहीच नाही सांगायचं. त्यांना खरंच वाटलं पाहिजे."

तिचा चेहरा खुलला. "मंजे डबा वाजाडना शे!" म्हणाली. मी इतके दिवस झटून जे कोणाला धड सांगू शकलो नव्हतो, ते तिनं तीन शब्दांत सांगितलं.

तिच्या गल्लीत यंत्रमाग होते, त्यांची खडखड दिवसभर. माग फक्त शुक्रवारी बंद. म्हणून आमचं रेकॉर्डिंग शुक्रवारी. ज्वारीच्या वाळल्या बिबड्या, म्हणजे पापडच, तळहातात हळूहळू मोडून तिनं चूल पेटवली. ओलं फडकं दगडावर चोळून गाईला रवंथ करायला लावलं. पदर झटकून कबुतरं उडवली. जळगावहून येणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून केळीची वाळकी पानं मागून आणली आणि त्यावर अनवाणी चालली, तेव्हा मी डोळे मिटले तर मला उन्हातलं शेत दिसलं. पावसासाठी मी गहू आणला होता. "गहूना पानी जाडा पडस," म्हणून तिनं तो परत केला आणि दादर ज्वारी घेतली. सुपातून पत्र्याच्या तुकड्यावर बारीक धार. अगदी पत्र्यावरचा पाऊस! मिनिटभर पडला, आणि सूप रिकामं झाल्यावर, टक, टक.

"अक्का, ते टक-टक नको."

"बरं."

पुन्हा पाऊस. पुन्हा टक, टक.

"अक्का!"

"मी काय करू रे? हात ऐकस नही. मायनी सवय शे. ती बी अशीच ठोके."

संगीताचं तिनं एका वाक्यात निकालात काढलं. वना तिला सतारीचं महत्त्व पटवत होता. ती म्हणाली, "बाई पानी भरस तवय बाजा कोन वाजाडस रे, दादा?" वनानं सतार खोडली.

राहिलं जातं. आमच्याकडे खेड्यात त्याला घट्या म्हणतात. सिनेमा त्याच्यावरच सुरू होत होता. वनाच्या घरचं जातं मी जाऊन रेकॉर्ड करून आणलं आणि मोठ्या कौतुकानं बेबाअक्काला ऐकवलं. तिनं दोन वेढे ऐकले असतील नसतील, दोन्ही कानांवर हात घेतले.

"बंद कर ते! रिकामा घट्या शे हाऊ. कोना घर फिरावा रे? रिकामा घट्या नि रिकामा पाळना कधी हालाडतस का?"

खरं होतं. नुसत्या आवाजासाठी पीठ कशाला पाडायचं, म्हणून आम्ही दाणे घातलेच नव्हते. हा अपशकुन आम्हां शहाण्यांच्या डोक्यातही आला नाही. मी म्हणालो, "मग तुम्ही दळा ना, अक्का. शेजारी आहे जातं. ज्वारी मी आणतो."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "घट्यावर मी बठस नही."

"का?"

"नही बठस. आते तुले काय लिखी देऊ का?"

मी कानाला खडा लावला. पण चौथ्या दिवशी ती आमच्याकडे तूर पाखडायला आली, आई आत गेली, आणि तिनं माझ्याकडे न बघता आपणहून सांगितलं. हात चालूच होते.

तिचं माहेर साक्रीच्या पुढे, डोंगराकडचं उंबरपाडा. चौदाव्या वर्षी लग्न झालं. वडील नव्हते, मोठा भाऊ झुलाल होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तो तिला न्यायला आला. आखाजीला लेकीनं माहेरी जायचं, झोके घ्यायचे, गाणी म्हणायची. पण जायचं ते भाऊ न्यायला आला तरच. आपल्या पायानं उठून जाणारीला माहेर नाही असं समजतात. झुलाल वीस कोस चालत आला, हातात सांजोऱ्यांचं गाठोडं. सासू दारात उभी होती. तिच्या मनात सुनेला पाठवायचं नव्हतं. तिनं सांगून टाकलं, "ती घरी नाही, शेतात गेली." आणि बेबाअक्का आतल्या खोलीत जात्यावर बसली होती. सासूचा शब्द खाली कसा पाडायचा? ती उठली नाही. भावानं तीनदा हाक मारली, "बेबी! शे का घरमा?" तिनं ओ दिली नाही. गाठोडं ओट्यावर ठेवून तो गेला. सासूनं सांजोऱ्या घरच्या पोरांना वाटल्या, हिला एकही मिळाली नाही. तो परत कधी आला नाही. आई गेली तेव्हाही सांगावा आला नाही, कोणा वाटसरूकडून महिन्यानं कळलं. त्या आखाजीला बावीस वर्षं झाली.

"मग त्यानं सासूवर राग धरायचा," मी म्हणालो. "तुमच्यावर का?"

"त्यानी हाक आयकी नि मना हात थांबना, पंडित. घट्या थांबना. तो चालू ऱ्हाता तं त्याले वाटतं, दुसरीच कोनी दळी ऱ्हायनी. त्याना कान मनापेक्षा तिखा शेत. धाकला व्हता तवय गुलाबाईना डबामा तोच खाऊ भरे, माले फसाडाले. त्याले समजनं, बेबी मझार शे नि भायेर येत नही."

सूप रिकामं झालं. टक, टक. तिनं पदरानं डोळे पुसले आणि आईला हाक मारून तूर मागितली.

मला झोप येईना असं काही लिहीत नाही, मी त्या वयात उत्तम झोपायचो. पण दुसऱ्या दिवशी साक्रीची एस.टी. पकडली हे खरं. घरी सांगितलं, जातं रेकॉर्ड करायला जातोय. आईनं माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. "हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस," म्हणाली, आणि दशम्या बांधून दिल्या.

उंबरपाड्याला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. झुलालनाना कडुनिंबाखाली बाजेवर बसून दोर वळत होता. उंच, काळसर, चाळिशीचा, बोलायला कंजूष. मी फक्त सिनेमाचं सांगितलं. बेबाअक्काचं नाव काढलं नाही, मला ते धाडसच झालं नाही. त्याची बायको पाणी देऊन गेली.

"घट्या शे," तो म्हणाला, "पन माय गयी तवयपाईन त्यावर कोनी बठनं नही. गिरणी शे ना आते."

मी चिकाटी सोडली नाही. आम्ही काय काय केलंय ते ऐका तर खरं, म्हणून टू-इन-वन बाजेवर ठेवला. चूल ऐकून त्यानं मान डोलावली. गाईचं रवंथ ऐकून तो पहिल्यांदा हसला. "हाई गाय बिमार शे, भो." मग पाऊस लागला. तो वर कडुनिंबाकडे बघत ऐकत राहिला. पाऊस संपला आणि टक, टक.

दोर वळणारे हात थांबले.

"फिरी लाव."

मी मागे घेऊन लावला. टक, टक. तिसऱ्यांदा लावला. त्यानं दोर बाजेवर ठेवला.

"मनी माय अशी सूप ठोके," तो म्हणाला. "दोनदा. माय तं गयी. मंग हाई बेबी शे."

मी नुसती मान हलवली. मग त्यानं त्याची बाजू सांगितली, आणि ती ऐकून मला वाटलं, बावीस वर्षं ही दोन माणसं दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी रडत होती. "मी फाटेल धोतर नेसीसन गयथू. पायमा वहान नव्हती. ती आमनापेक्षा मोठा घरमा दियेल. सासू काय बोलनी तेनं माले काही वाटनं नही, सासू तशीच ऱ्हास. पन घट्या थांबना. मंग मी समजनू, बेबीले मनी लाज वाटनी."

"लाज नाही हो, नाना!" मी जवळजवळ ओरडलोच. "सासू दारात होती. तिनं सांगितलं, घरात नाही. मग ही बाहेर कशी येणार? सोळा वर्षांची पोर! तिचा हात थांबला तोच तिचा गुन्हा, अजून जात्याला शिवत नाही ती." मला रडू आवरेना आणि त्याची लाजही वाटेना.

झुलालनानानं दोर पुन्हा हातात घेतला. मी विचारलं, "आखाजीला याल ना न्यायला?"

"दखसू." म्हणजे बघू.

"नाना, पण—"

"दखसू म्हनं ना." तो दोर वळायला लागला. जात्याचं नाव मग मी काढलं नाही. त्याला अक्काची खोली आणि गल्ली सांगून उठलो.

परत येऊन मी बेबाअक्काला काहीच सांगितलं नाही. तो आलाच नाही तर? एकदा वाट बघून झालेल्या माणसाला पुन्हा वाट बघायला लावणं म्हणजे पाप. आखाजी सोमवारी होती. आदल्या शुक्रवारी माग बंद, म्हणून आम्ही पाऊस पुन्हा करायला घेतला. वनाला पुरी दोन मिनिटं सलग हवी होती, टक-टकशिवाय. दुपारची वेळ, वर पत्रा तापलेला. रस्त्याचा आवाज नको म्हणून दाराला कडी घातलेली, आत आम्ही दोघं घामानं निथळतोय. मी दोन बटणं दाबली आणि खूण केली. तिनं सूप कलतं केलं. धार सुरू झाली. असा सुंदर पाऊस त्याआधी तिनं कधी पाडला नव्हता.

सव्वा मिनिट झालं असेल. बाहेरून हाक आली.

"बेबी! शे का घरमा?"

पाऊस थांबला.

मी तिच्याकडे बघितलं. सूप दोन्ही हातांत तसंच, अर्ध्यावर आलेलं, आणि एक दाणा खाली पडेना. तोंड उघडं, पण शब्द नाही. मला ओरडायचं होतं, अक्का, ओ द्या! ती शांतता आजही माझ्याजवळ कॅसेटमध्ये आहे. मोजली आहे मी, अकरा सेकंद. सातव्या सेकंदाला बाहेर वहाण घासल्याचा आवाज आहे. मग एक पाऊल. मग दुसरं. दारापासून लांब जाणारं.

आणि मग सूप आदळलं. ज्वारी खोलीभर उधळली, बांगड्या वाजल्या, कडी निघाली.

"शे! घरमाच शे, भाऊ! घरमाच शे मी!"

मी कोपऱ्यात तोंड फिरवून बसलो. टेप बंद करायचं भान मला राहिलं नाही. झुलालनाना दोन पावलं परत आला होता. नवी वहान, धुतलेलं धोतर, हातात गाठोडं. "तुले लेवाले उनू," न्यायला आलोय, एवढंच म्हणाला. तिनं दारातच गाठोडं सोडलं आणि उभ्याउभ्या, रडत रडत, एक अख्खी सांजोरी खाल्ली. मग मला म्हणाली, "तू बी खाय रे, दखत काय ऱ्हायना?" नंतर आम्ही तिघांनी गुडघ्यांवर बसून ज्वारी वेचली. तिनं ती पाखडून डब्यात भरली. टक, टक. झुलालनाना खाली मान घालून हसला.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी उंबरपाड्याला गेलो. तिनं स्वतः सांगून बोलावलं होतं. जात्याला पाथरवटाकडून नव्यानं टाकी लावून घेतली होती. बेबाअक्का पाय पसरून बसली, झुलालनाना उंबऱ्यावर बसून मूठ मूठ दादर पुढे सरकवत होता, आणि पंधरा मिनिटं ती दळत होती. सिनेमाच्या सुरुवातीला जो आवाज आहे तो हा. त्यानंतर दर आखाजीला झुलालनाना यायचा. पंचाण्णवला बेबाअक्का मुलाकडे सुरतेला गेली, तर तो तिथंही गेला, साक्रीहून नवापूरमार्गे, तसंच गाठोडं हातात.

पण सिनेमाचं राहिलं. निंबाच्या दुकानात आवाज चढवायला बसलो, तर पाऊस अर्ध्यावर थांबलेला. वना म्हणाला, तेवढं काप, दुसरा जोड. मी कापणार नाही म्हणालो. भांडण झालं. शेवटी निंबा म्हणाला, एकदा लावून तर बघू. मी दोनदा पुढेमागे केलं आणि लावला. लताबाई दारात उभ्या, वर बघतायत, पाऊस पडतोय. बाहेरून हाक, "बेबी! शे का घरमा?" पाऊस एकदम थांबतो आणि लताबाई झटकन मान वळवून बघतात, निंबानं "ताई, इकडं बघा" म्हटलं होतं ना, तीच मान. दाराकडे बघणाऱ्या त्या चेहऱ्यावर मागून आवाज येतो, "शे! घरमाच शे, भाऊ!" आणि सिनेमा संपतो. वना दाढी खाजवत राहिला. "असू दे," म्हणाला. निंबा छाती फुगवून म्हणाला, "बघा, माझं बोलणं वाया जात नाही."

जूनमध्ये आम्ही सगळे एस.टी.नं जळगावला गेलो. बेबाअक्का खिडकीशी, पारोळा गेलं, एरंडोल गेलं, ती प्रत्येक थांब्यावर उतरायचं की काय म्हणून विचारत होती. सभागृहात दिवे गेले, आमचा सिनेमा लागला, आणि बघतो तर ही डोळे मिटून बसलेली.

"अक्का, बघा ना."

"तुम्ही दखा. मी आयकस."

बक्षीस मिळालं नाही. उत्तेजनार्थही नाही. परीक्षकांनी प्रत्येकाला शेऱ्याची चिठ्ठी दिली होती. आमच्या चिठ्ठीत होतं, "चित्रण बरे. मात्र पाऊस एकाएकी थांबतो, ते नैसर्गिक वाटत नाही." वना परतीच्या गाडीत पार एरंडोलपर्यंत परीक्षकांच्या नावानं शंख करत होता. मीही हिरमुसलो होतो. कापायला हवं होतं की काय, असं आतून वाटायला लागलं होतं. बेबाअक्कानं विचारलं, "काय लिखेल शे रे त्यामा?"

मी वाचून दाखवलं. पाऊस असा मध्येच कसा थांबतो, असं विचारतायत म्हणालो.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू शिकून मी सगळं वाया घालवलं.

"मंग? भाऊ दारमा उभा शे, नि मी पानी पाडत बसू?"